मेलेले हाड मोडते कधी?

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात हाडांचा सांगाडा टांगलेला असतो. आता तो बहुधा प्लास्टिकचा असतो, पण जुन्या शाळांतून अजून खरा सांगाडाही सापडतो. त्या हाडांतली एकही पेशी जिवंत नाही. तरीही त्यातले मांडीचे हाड हातात घेऊन मोडू म्हटले तर मोडत नाही. याचे कारण असे, की हाडाची मजबुती पेशींमध्ये नसते. पेशींनी रचून ठेवलेल्या कोलॅजनच्या धाग्यांत आणि त्यांवर बसलेल्या कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांत ती असते. गवंडी निघून गेला म्हणून भिंत पडत नाही, तसेच हे आहे.

हे सांगण्याचे निमित्त म्हणजे खुब्याचा एक आजार. त्याचे वैद्यकीय नाव अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. दवाखान्यात सगळे त्याला ‘एव्हीएन’ म्हणतात. रक्त न पोचल्यामुळे झालेला हाडाचा मृत्यू, असा त्याचा अर्थ. बहुतेक रुग्ण वीस ते पन्नास या वयातले, म्हणजे कमावते, धावपळ करणारे असतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोळा असतो त्याचा एक भाग मरतो आणि पुढे काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत तो गोळा चेपतो. गोळा एकदा चेपला की सांधा घासत राहतो, झिजतो, आणि शेवटी तो बदलावा लागतो.

आता सांगाड्याकडे पुन्हा पाहा. मेलेले हाड जर एवढे टिकाऊ, तर जिवंत माणसाच्या खुब्यातला हाडाचा मेलेला तुकडा का चेपावा? दुसरे कोडे याहून मोठे आहे. तो चेपू नये म्हणून शल्यविशारद जी शस्त्रक्रिया करतात, तीत या आजारी हाडाला ते चक्क भोक पाडतात. दुबळ्या खांबाला भोक पाडून तो खांब वाचतो, यावर सुताराचा विश्वास बसणार नाही. या दोन्ही कोड्यांचे उत्तर मात्र एकाच ठिकाणी आहे.

कालव्याच्या शेपटाकडचे शेत

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडातली वाटी म्हणजे उखळ, आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात फिरतो. मोठ्या माणसात या गोळ्याचा व्यास साधारण साडेचार ते पाच सेंटीमीटर असतो. उखळीत सुरळीत फिरावे म्हणून गोळ्याच्या बहुतेक पृष्ठभागावर गुळगुळीत कूर्चा असते. कूर्चेतून रक्तवाहिन्या जात नाहीत. म्हणजे गोळ्यात शिरायला रक्ताला फारच थोडी जागा उरते. मांडीतून निघालेल्या एका धमनीच्या बारीक शाखा हाडाच्या मानेवरून वर चढतात आणि कूर्चेच्या कडेखालून आत शिरतात. जवळजवळ सगळा गोळा या मोजक्या शाखांवर जगतो. उखळीच्या तळाशी असलेल्या अस्थिबंधातूनही एक छोटी धमनी येते, पण मोठ्या माणसात तिचा फारसा भरवसा नसतो.

शरीरात अनेक ठिकाणी एक वाट बंद झाली तर रक्त दुसऱ्या वाटेने पोचते. इथे तशी सोय जवळजवळ नाही. कालव्याच्या अगदी शेपटाकडे शेत असावे आणि जवळ विहीरही नसावी, अशी या गोळ्याची अवस्था आहे.

अपघातात मांडीच्या हाडाची मान मोडली किंवा खुबा निखळला, तर या शाखा तुटतात. हे समजायला सोपे आहे. पण पुष्कळ रुग्णांना कसलाही मार लागलेला नसतो. त्यांच्यात दोन कारणे वारंवार सापडतात: मोठ्या मात्रेत घेतलेली स्टेरॉइड औषधे आणि दीर्घकाळ केलेले भरपूर मद्यपान. सिकलसेल हे तिसरे कारण. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या शिक्षकांना हा आजार परिचयाचा असेल. यात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. खोल पाण्यात किंवा दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्यांच्या हाडांतही असाच मृत्यू आढळतो. तिथे रक्तात सुटणारे नायट्रोजनचे बुडबुडे वाट अडवतात. काही रुग्णांत मात्र शोधूनही कारण मिळत नाही.

स्टेरॉइडने नेमके काय होते याबद्दल एकमत नाही. एक विचार असा. गोळ्याच्या आतले हाड भरीव नसते, जाळीदार असते, आणि जाळीच्या पोकळ्यांत मगज व चरबीच्या पेशी असतात. स्टेरॉइडमुळे आणि मद्यामुळेही या चरबीपेशी फुगतात. पोट फुगले तर पोटाला ताणायला जागा असते. हाड ही मात्र ताठ भिंतींची बंद खोली आहे. आतले काही फुगले तर दुसऱ्या कशाला तरी चेपावे लागते, आणि सगळ्यांत आधी चेपतात त्या पातळ भिंतींच्या शिरा. रक्त बाहेर पडेना म्हणजे आतला दाब वाढतो, आणि दाब वाढला की नवे रक्त आत येईना. चरबीचे कण किंवा रक्ताच्या गुठळ्या वाहिन्या बंद करतात, असाही दुसरा विचार आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असणे अशक्य नाही.

कोविडच्या साथीनंतर हा आजार वर्तमानपत्रांत आला. त्याआधी २००३ च्या सार्सच्या साथीत चीनमध्ये मोठ्या मात्रेत स्टेरॉइड दिलेल्या अनेक रुग्णांना पुढे एव्हीएन झाला होता, त्यामुळे डॉक्टर सावध होते. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. या तिघांना कोविडच्या उपचारात सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन मिळाले होते, आणि कोविडचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत खुब्याच्या तक्रारी सुरू झाल्या. एरवी एकूण मात्रा २००० मिलिग्रॅमच्या आसपास गेली तर धोका, आणि तोही सहा महिने ते वर्षभराने, असे मानले जात असे. तीन रुग्णांवरून नियम बांधता येत नाही. पण नोंद महत्त्वाची होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. कोविडमध्ये कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, हे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसले. दम्यासाठी ओढायच्या औषधातली मात्राही फारच थोडी असते. हा लेख वाचून कोणी चालू असलेले स्टेरॉइड एकदम बंद केले, तर ते अधिक धोक्याचे ठरेल. काळजी करावी ती डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची आणि सांधेदुखीवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या निनावी पुड्यांची.

घात करते ती दुरुस्ती

आता पहिले कोडे. रक्त थांबले की मगजातल्या पेशी सहा ते बारा तासांत मरतात. हाडाच्या पेशी एक-दोन दिवसांत आणि चरबीपेशी दोन ते पाच दिवसांत मरतात. पण हाडाची जाळी जशीच्या तशी उभी राहते. या वेळी रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. क्ष-किरणांच्या चित्रातही काही दिसत नाही, कारण क्ष-किरण अडवणारे कॅल्शियम जागच्या जागी असते. प्रयोगशाळेतल्या सांगाड्यासारखीच ही अवस्था आहे: मेलेली, पण मजबूत.

पुढे शरीर स्वस्थ बसत नाही. मेलेल्या भागाच्या कडेला जिवंत हाड असते. तिथून नव्या केशवाहिन्या आत घुसू लागतात आणि त्यांच्याबरोबर दोन प्रकारच्या पेशी येतात. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवतात, तर अस्थिजनक पेशी नवे रचतात. हातपाय मोडल्यावर हाड जुळते ते याच कामगारांमुळे. अडचण आहे ती वेगाची. मोडणाऱ्यांचा हात भराभर चालतो आणि बांधणाऱ्यांचा सावकाश.

जुन्या वाड्याच्या तुळया बदलताना पाहिल्या असतील. वाळवी लागलेली तुळई काढली, नवी अजून बसवायची आहे, आणि नेमके त्याच वेळी माडीवर लग्नाची पंगत बसली, तर काय होईल? खुब्याच्या गोळ्यात असेच होते. कूर्चेच्या लगेच खाली हाडाचा पातळ थर असतो आणि त्याला आधार देणाऱ्या हाडाच्या बारीक तुळया असतात. त्या पोखरल्या जातात आणि नव्या अजून पुरेशा झालेल्या नसतात. वरून भार तर रोजचाच. आधी सूक्ष्म भेगा पडतात, मग त्या जोडल्या जातात, आणि कूर्चेखालचा थर आतल्या हाडापासून सुटतो. क्ष-किरणांच्या चित्रात ही फट चंद्रकोरीसारखी काळी रेघ म्हणून दिसते. पाठोपाठ गोळा चपटा होतो.

म्हणजे हाड मरते तेव्हा मोडत नाही; शरीर ते दुरुस्त करू लागते तेव्हा मोडते. एवढे नीट समजले की उपचारांतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. कूर्चेला तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून मिळत असल्यामुळे ती या साऱ्या काळात जिवंत आणि गुळगुळीत असते. गोळा चेपेपर्यंत सांधा वाचवण्याजोगा असतो तो यामुळेच.

लवकर कळायचे कसे

चेपण्याआधीचा काळ महत्त्वाचा, आणि नेमका तोच लपलेला. पहिले दुखणे बहुतेकदा जांघेत सुरू होते. कधी मांडीच्या पुढच्या बाजूला, कधी चक्क गुडघ्यात. खुबा व गुडघा यांच्या संवेदना काही समान मज्जातंतूंतून जात असल्यामुळे मेंदूची गल्लत होते. गुडघ्याचे फोटो काढून झाले, कमरेला मालीश झाले, आणि खुब्याकडे कोणी पाहिलेच नाही, असे पुष्कळदा घडते. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे जड जाऊ लागते. आपल्याकडे जमिनीवर बसण्याची सवय असल्यामुळे ही खूण तरी लवकर लक्षात यायला हवी.

फ्रान्समधल्या टुलूझ येथील पॉल फिका आणि जाक आर्ले या डॉक्टरांनी केलेली टप्प्यांची विभागणी अजून वापरात आहे. पहिल्या टप्प्यात दुखते, पण क्ष-किरणांचे चित्र स्वच्छ असते. दुसऱ्यात गोळा गोल असतो, पण आत पांढरट व काळसर डाग दिसू लागतात. तिसऱ्यात चंद्रकोर दिसते आणि गोळा चेपतो. चौथ्यात उखळही झिजलेली असते. पहिला टप्पा पकडायचा तर एम.आर.आय. लागते. ही तपासणी हाडातले कॅल्शियम पाहत नाही. मगजातल्या पाण्यातील व चरबीतील हायड्रोजन ती पाहते, आणि मगज तर पहिल्या दिवसापासूनच बदललेले असते.

मेलेला भाग किती मोठा आणि कुठे आहे यावर पुढचे बरेच ठरते. आतल्या बाजूचा, भार न घेणारा छोटा तुकडा बहुधा तसाच राहतो. अमेरिकेत २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. एम.आर.आय.मध्ये मृत भाग आढळला पण त्रास काहीच नाही, अशा ६६४ खुब्यांपैकी ३९४ पुढे दुखू लागले किंवा चेपले. म्हणजे ५९ टक्के. उरलेले ४१ टक्के तसे राहिले, हेही विसरू नये. कोणता उपचार किती उपयोगी पडला हे ठरवताना हा आकडा आपल्याला लागणार आहे.

तपासणीचा झाला उपचार

१९६० च्या दशकात एम.आर.आय. नव्हते. फिका आणि आर्ले यांनी हाडाच्या आतला दाब मोजायला सुरुवात केली. हाडात पोकळ सुई घालून तिला दाबमापक जोडायचा. दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा जास्त भरला, तर त्यांना संशय येई. मग सलाइनचे पाच मिलिलिटर आत सोडायचे आणि दाब किती चढतो ते पाहायचे. खात्री करण्यासाठी ते पोकळ गिरमिटाने हाडाच्या मानेतून गोळ्यापर्यंत जात आणि हाडाची एक कांडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. हेतू निदानाचा होता. पण रुग्ण सांगू लागले, की तपासणीनंतर दुखायचे थांबले.

कारण आपल्याला आता सुचू शकते. बंद खोलीला झरोका मिळाला आणि आतला दाब उतरला. कुकरच्या शिट्टीची उपमा येथे नेहमी दिली जाते आणि दाबापुरती ती बरोबर आहे. पण कुकरमधली डाळ वाफ गेल्यावर पुन्हा कच्ची होत नाही, तशा मेलेल्या पेशी दाब उतरून जिवंत होत नाहीत. भोकाचा दुसरा उपयोग तिथेच आहे. मेलेल्या आणि जिवंत हाडाच्या सीमेवर दुरुस्तीच्या खटपटीत कठीण हाडाचा एक बांध तयार होतो. नव्या वाहिन्यांना तो ओलांडता येत नाही. गिरमिट हा बांध फोडून जाते, आणि त्या बोगद्यातून रक्तवाहिन्या व अस्थिजनक पेशी आत पोचू शकतात. मागे पडलेल्या बांधणाऱ्यांना रस्ता मिळतो.

या शस्त्रक्रियेला ‘कोअर डिकम्प्रेशन’ म्हणतात. शस्त्रक्रियांच्या मानाने ती लहान आहे. कमरेखालचा भाग बधिर करून मांडीच्या बाहेरच्या बाजूला छोटा छेद घेतात. शेजारच्या पडद्यावर क्ष-किरणांचे चलच्चित्र पाहत एक तार हाडाच्या मानेतून मेलेल्या भागापर्यंत नेतात. त्या तारेवरून आठ-दहा मिलिमीटर व्यासाचे पोकळ गिरमिट फिरवत नेऊन कूर्चेच्या काही मिलिमीटर अलीकडे थांबतात. कूर्चा फुटली तर सगळेच मुसळ केरात. भोक कुठून सुरू करायचे यालाही महत्त्व आहे. ते मांडीच्या हाडाच्या दांड्यात फार खाली पडले, तर तिथे ताण एकवटून हाडच मोडू शकते. सुताराची शंका अगदीच चुकीची नव्हती. याच कारणाने पुढे काही शल्यविशारदांनी एका मोठ्या भोकाऐवजी तीनेक मिलिमीटरची दोन-तीन बारीक भोके पाडण्याची पद्धत आणली.

आकडे काय सांगतात

फिका यांनी १९८५ मध्ये पहिल्या दोन टप्प्यांतल्या १३३ खुब्यांचे निष्कर्ष छापले. सुमारे ९० टक्के रुग्णांना चांगला गुण आला होता. इतरांना एवढे यश मिळाले नाही, काहींनी तर ही शस्त्रक्रिया करूच नये असे मत दिले. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने तोवरचे अहवाल एकत्र केले. भोक पाडलेल्या १२०६ खुब्यांत समाधानकारक गुण सुमारे ६४ टक्के; शस्त्रक्रिया न केलेल्या ८१९ खुब्यांत सुमारे २३ टक्के.

फरक मोठा दिसतो. तरी वर्गात विज्ञान शिकवणाऱ्याने इथे थांबून विचारावे: हे दोन गट सारखे होते का? हे अहवाल वेगवेगळ्या रुग्णालयांतले, वेगवेगळ्या काळातले आहेत. शस्त्रक्रियेसाठी आधीच्या टप्प्यातले, छोट्या मृत भागाचे रुग्ण निवडले गेले असतील, तर त्यांतले बरेच तसेही टिकले असते. वरचे ४१ टक्के आठवा. नाणेफेक करून रुग्णांचे दोन गट पाडल्याशिवाय या शंकेचे निरसन होत नाही.

सिकलसेलच्या ४६ रुग्णांवर अमेरिकेत तशी चाचणी झाली आणि २००६ मध्ये तिचा निष्कर्ष आला. एका गटाला भोक पाडून व्यायामोपचार, दुसऱ्याला नुसते व्यायामोपचार. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८२ टक्के आणि दुसऱ्यातले ८६ टक्के खुबे टिकून होते. म्हणजे भोकाचा फायदा दिसला नाही. चाचणी लहान होती आणि मुदतही फार नव्हती. शिवाय सिकलसेलमध्ये वाट मोकळी केली तरी अडकणाऱ्या पेशी रक्तात तशाच असतात. स्टेरॉइडमुळे आजार झालेल्या रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आपल्या सिकलसेलग्रस्त भागांत शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना तो डोळ्यांसमोर हवा, असे मला वाटते.

नुसते भोक पुरत नसेल तर त्यातून बांधणारे कामगारच आत पाठवावेत, हा पुढचा विचार. पॅरिसजवळच्या क्रेतेई येथील फिलिप एर्निगू यांनी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मगज ओढून घेतले, त्यातल्या उपयोगी पेशी यंत्राने दाट केल्या आणि त्या भोकातून गोळ्यात सोडल्या. २००२ मध्ये त्यांनी १८९ खुब्यांची माहिती दिली. चेपण्याआधी उपचार केलेल्या १४५ खुब्यांपैकी पाच ते दहा वर्षांत फक्त नऊ बदलावे लागले. चेपल्यानंतर उपचार केलेल्या ४४ पैकी मात्र २५ बदलावे लागले. वेळेचे महत्त्व याहून स्पष्ट करून सांगणे कठीण.

त्यांचा दुसरा अभ्यास मला रचनेसाठी अधिक आवडतो. अपघात नसलेल्या एव्हीएनमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांत दोन्ही खुबे बिघडतात. असे स्टेरॉइडमुळे आजारी झालेले १२५ रुग्ण त्यांनी घेतले. एका खुब्यात भोक आणि मगज, दुसऱ्यात नुसते भोक. वय, वजन, औषध, सवयी, सगळे दोन्ही बाजूंना एकच, कारण माणूसच एक. वीस ते तीस वर्षांनी मगज सोडलेले ३५ खुबे चेपले होते. नुसते भोक पाडलेले ९०. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आता अनेक ठिकाणी भोकाबरोबर मगजही सोडतात. ‘स्टेम सेल’ या नावाखाली त्याच्या जाहिरातीही होतात, आणि चौथ्या टप्प्यातल्या सांध्यालाही नवजीवन देण्याची हमी त्यांत असते. वरचे ४४ पैकी २५ लक्षात असले की अशा जाहिरातीचे काय करायचे ते कळते.

मोडणाऱ्यांचा हात आवरण्याचा मार्गही लोकांनी चोखाळला. अस्थिभक्षक पेशींना रोखणारे अ‍ॅलेंड्रोनेट हे औषध या आजारात देण्याचे काम मुंबईत बरेच झाले आहे. तैवानमध्ये २००५ मध्ये झालेल्या छोट्या चाचणीत औषध दिलेल्या २९ खुब्यांपैकी २, तर न दिलेल्या २५ पैकी १९ चेपले. तिथेच २०१२ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत मात्र फरक आढळला नाही. वाद अजून मिटलेला नाही.

याहून मोठ्या शस्त्रक्रियाही आहेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स अर्बेनिएक यांनी १९७९ पासून पोटरीतले बारीक हाड त्याच्या धमनी-शिरेसकट काढून गोळ्याखाली टेकूसारखे बसवले आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्या. वाड्याच्या भाषेत हा जिवंत टेकू. जपानच्या सुगिओका यांनी १९७८ मध्ये वेगळीच युक्ती मांडली. हाड मानेच्या बुडाशी कापून गोळा फिरवायचा, म्हणजे मेलेला भाग भाराखालून सरकतो आणि चांगला भाग भाराखाली येतो. कल्पना सुंदर आहे, पण गोळ्याला रक्त देणारी मोजकी धमनी त्यात जपावी लागते. जपानबाहेर अनेकांना ते साधले नाही.

एवढी खटपट करण्यापेक्षा सांधा सरळ बदलावा असे कोणी म्हणेल. गोळा चेपून गेलेल्यांसाठी तोच उत्तम उपाय आहे, आणि त्याने माणसे पुन्हा कामाला लागतात. पण २०१९ मध्ये अनेक देशांतल्या नोंदींवरून काढलेला अंदाज सांगतो, की बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. सत्तरीतल्या आजोबांना हे पुरेसे आहे. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला आयुष्यात दुसऱ्यांदा, कदाचित तिसऱ्यांदाही हा सांधा बदलावा लागेल, आणि प्रत्येक वेळची शस्त्रक्रिया आधीच्यापेक्षा अवघड असते. स्वतःच्या गोळ्यावर दहा-पंधरा वर्षे काढता आली तरी त्याच्यासाठी तो मोठा लाभ ठरतो.

कुबडी आणि तरफ

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नसतो. घरचे लोक म्हणतात, दुखत नाही तर चालू दे की. इथे तरफेचे गणित उपयोगी पडेल.

साठ किलोचा माणूस एका पायावर उभा आहे असे समजा. तो पाय सोडून उरलेले वजन सुमारे ५० किलो. ते खुब्यापासून साधारण १० सेंटीमीटर आतल्या बाजूला खाली ओढते. कंबर कलू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू उलट ओढतात, पण त्यांचे अंतर जेमतेम ५ सेंटीमीटर. तेव्हा त्यांना १०० किलोचा जोर लावावा लागतो. टेकू म्हणजे गोळा, आणि त्याच्यावर दोन्ही येतात: ५० अधिक १००, म्हणजे १५० किलो, शरीराच्या वजनाच्या अडीच पट. हिशेब ढोबळ आहे, तरी बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यांतच मापक बसवून चालताना मोजलेला भार त्याच्याशी जुळतो. तोल जाऊन अडखळले, तर तो क्षणभर आठ पटीपर्यंत जातो.

आता दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी द्या. काठी खुब्यापासून ४० सेंटीमीटरवर टेकली आणि तिच्यावर फक्त ५ किलो जोर दिला, तर स्नायूंचे काम १०० वरून ६० किलोवर येते आणि गोळ्यावरचा भार १५० ऐवजी १०५ उरतो. पाच किलोच्या जोराने पंचेचाळीस किलो कमी झाले. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरली तर तरफेचा हा फायदा मिळत नाही. आपल्याकडे बहुतेक लोक ती नेमकी त्याच हातात धरतात.